लायब्ररी तीन, ठेवायची एक

नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 5.3 आवृत्तीत थ्रेडसाठी, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणाऱ्या कामांसाठी, एक नव्हे, तीन लायब्ररी (तयार फंक्शन्सचे संच) होत्या. तिन्हींची फंक्शन्स तीच, कारण 1995 साली युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकाने ती ठरवून दिलेली. फरक होता तो पडद्यामागे.

सर्वांत जुनी लिबसी-आर. तिचे थ्रेड कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, दिसतच नसत. त्याच्या लेखी ती एकच प्रोसेस, म्हणजे एकच चालता प्रोग्रॅम. कोणता थ्रेड कधी चालवायचा हे लायब्ररीच ठरवी. नेटवर्कची वाट पाहणाऱ्या थ्रेडला बाजूला ठेवून दुसरा पुढे काढणं तिला जमे, पण एक थ्रेड डिस्कवरच्या वाचनात अडकला की सगळेच थांबत. शिवाय मशीनमध्ये दोन प्रोसेसर असले तरी वापर एकाचाच.

यावर उतारा म्हणून केएसई प्रकल्प उभा राहिला; दुसरी लायब्ररी त्याचीच. त्याची मूळ कल्पना 1991 मधली, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांची: अनेक थ्रेड मोजक्या कर्नल-थ्रेडवर चालवायचे आणि एखादा अडकला की कर्नलनेच लायब्ररीला तसं कळवायचं. कागदावर फारच देखणी रचना. पण यात वेळापत्रकं दोन झाली, एक कर्नलचं आणि एक लायब्ररीचं. सिग्नल (प्रोसेसला पाठवलेली सूचना) नेमका कोणत्या थ्रेडला द्यायचा, प्राधान्य कोणी पाळायचं, डीबगरला (चुका शोधायच्या साधनाला) काय दाखवायचं, प्रत्येक ठिकाणी दोघांचं एकमत हवं. हे काम वर्षानुवर्षं चाललं यात मला तरी नवल वाटत नाही.

2003 मध्ये तिसरी, लिबथर आली. तिचा हिशेब सरळ: प्रत्येक थ्रेडमागे कर्नलचा एक थ्रेड.

तिन्ही लायब्ररी डिस्कवर सुखाने नांदत. पंचाईत व्हायची ती चालत्या प्रोग्रॅममध्ये. प्रोग्रॅम एका थ्रेड लायब्ररीशी जोडलेला आणि त्याला लागणारी ग्राफिक्सची लायब्ररी दुसरीशी, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये दोन कारभारी. मग कुलूप (सामायिक डेटा एका वेळी एकाच थ्रेडने वापरावा म्हणूनची खूण) एकाने लावायचं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नाही. त्यावर फ्रीबीएसडीने लिबमॅप नावाची सोय दिली. प्रोग्रॅम सुरू होताना मागितलेल्या लायब्ररीच्या जागी भलतीच पुढे करायची, तीही पुन्हा कंपाइल न करता. ही युक्ती मला केएसईपेक्षाही हुशार वाटते. तिच्यामुळे लोकांना एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या थ्रेड लायब्ररींवर चालवून वेग ताडून पाहता आला.

थ्रेड लायब्ररी हवी त्याने वेगळी बसवून घ्यावी, असंही करता येत नाही. मेमरी वाटणारं मॅलॉक किंवा प्रत्येक थ्रेडचा वेगळा राहायला हवा असा त्रुटी-क्रमांक या गोष्टी मूळ सी लायब्ररीतल्या. तिचं आणि थ्रेड लायब्ररीचं आतून जुळलेलं असावं लागतं, म्हणून ही जबाबदारी बेस सिस्टिमची, म्हणजे फ्रीबीएसडीसोबतच येणाऱ्या मूळ भागाचीच.

शेवटी सरळ हिशेब जिंकला. कर्नल-थ्रेड स्वस्त झाले होते आणि कुलपासाठी भांडण नसेल तर कर्नलकडे जावंच लागू नये, अशी सोयही झाली होती. 2008 च्या 7.0 मध्ये लिबथर मुख्य झाली; 8.0 मध्ये केएसई काढून टाकलं. लिनक्स, सोलारिस आणि नेटबीएसडीही याच वाटेने गेले.

अनेक थ्रेड मोजक्यांवर चालवण्याची कल्पना मात्र मेली नाही. गो भाषेत ती आहे, 2023 पासून जावाच्या व्हर्च्युअल थ्रेडमध्येही आहे. तिथे बहुतेक कोड त्या भाषेच्या रनटाइमच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) ताब्यात असतो, त्यामुळे थ्रेड कुठे थांबणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. कोणीही लिहिलेला सी प्रोग्रॅम चालवावा लागणाऱ्या लायब्ररीला ती मुभा नव्हती.