स्वादुपिंडाला सूज म्हणजे कॅन्सरच का?

सीटी स्कॅनच्या फिल्मवर स्वादुपिंडात पांढरे ठिपके दिसले, की नातेवाइकांत कुजबुज सुरू होते: ‘आता कॅन्सर ठरलेलाच.’ तसं नाही. ते ठिपके म्हणजे नलिकेत साचलेले कॅल्शियमचे खडे. ती कॅन्सरची गाठ नव्हे.

क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिसमुळे, म्हणजे स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेमुळे, कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं. पण किती? 1993 मध्ये सहा देशांतल्या 2,015 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांत साधारण 1.8 टक्के आणि वीस वर्षांत 4 टक्के रुग्णांना कॅन्सर होतो असं दिसलं. म्हणजे शंभरातले शहाण्णव वीस वर्षांनीही त्यातून सुटलेले! आनुवंशिक प्रकारात मात्र धोका बराच जास्त असतो, आणि सिगारेट तो आणखी वाढवते. (दारू सोडून सिगारेट चालू ठेवणारे पुष्कळ भेटतात.)

गोंधळाचं एक कारण असं, की कधी कधी कॅन्सरच आधी सुजेचं सोंग घेऊन येतो. म्हणून निदानानंतरची पहिली एक-दोन वर्षं डॉक्टर जास्त सावध असतात. अचानक कावीळ झाली, वजन झपाट्याने उतरलं किंवा आटोक्यातली साखर एकाएकी बिघडली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.