ट्रेलर शेपूट का हलवतो?

"ट्रेलर डोलायला लागला ना, की ॲक्सिलरेटर दाबायचा. ताण बसला की आपोआप सरळ होतो." हा सल्ला मी इतक्या आत्मविश्वासाने दिलेला ऐकलाय की पहिल्यांदा मलाही पटला होता. दोरी सैल सोडली की लोंबते, ओढली की सरळ होते. मग ट्रेलर का नाही होणार? गंमत अशी की या सल्ल्यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं जिवावर बेततं.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या शेजारी बसून चाललो होतो. मागे दोन चाकांचा ट्रेलर, त्यात घरसामान, आणि सगळ्यात शेवटी चढवलेलं वॉशिंग मशीन अगदी मागच्या फळीला टेकवलेलं. ताशी साठपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. नव्वद गाठली, उतार लागला, शेजारून एक मोठा ट्रक सुसाट गेला आणि उजव्या आरशात ट्रेलरचा कोपरा दिसला. तो गेला आणि डाव्या आरशात उगवला. परत उजव्या, या खेपेला जरा जास्तच. गाडीचं बूड धरून कुणीतरी हलवतंय असं वाटत होतं. मित्राने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, बाकी काही केलं नाही. पाच-सहा झोक्यांत ट्रेलर शांत झाला. माझं डोकं मात्र त्या झोक्यांतच अडकून राहिलं.

ट्रेलर म्हणजे आडवा पडलेला लंबक. गाडीच्या मागे ट्रेलर ज्यावर अडकवतात तो हुकाचा गोळा हे त्याचं टांगण. बाजूने धक्का बसला की तो एकीकडे सरकतो, टायर त्याला मध्यावर आणतात, पण तोवर त्याने वेग घेतलेला असतो, म्हणून तो मध्य ओलांडून पलीकडे जातो. प्रश्न हा की हे झोके विझतात कशाने?

रस्त्याच्या घर्षणाने, हे उत्तर बरोबर आहे पण अपुरं. टायर आडवा जोर कधी लावतो? चाकाचं तोंड एका दिशेला आणि त्याची प्रत्यक्ष चाल किंचित दुसऱ्या दिशेला असते तेव्हा. या दोन दिशांमधला कोन जितका मोठा, तितका जोर जास्त (काही अंशांपर्यंत, पुढे टायर सरळ घसरतो). आता समजा, झोका घेणाऱ्या ट्रेलरचं चाक सेकंदाला १ मीटर वेगाने आडवं चाललंय. गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात असेल, तर या आडव्या चालीमुळे पडणारा कोन साधारण ५.७ अंश. तीच गाडी ताशी १०८ ने, म्हणजे सेकंदाला ३० मीटर जात असेल, तर कोन उरतो १.९ अंश. झोका तोच, पण त्याला विझवणारा जोर एक तृतीयांश!

ट्रेलरला मध्यावर खेचणारा जोर मात्र तो किती तिरका झालाय यावर ठरतो. वेगाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. समीकरण मांडलं तर खेचणाऱ्या पदात वेग येतच नाही आणि अवमंदनाच्या, म्हणजे झोके विझवणाऱ्या, पदात तो छेदात बसतो. (हे वाक्य ज्यांना जड गेलं त्यांनी खुशाल सोडून द्यावं, मला ते लिहिल्याशिवाय राहवलं नाही.) म्हणजे वेग वाढला की झोक्याचा ठेका जवळपास तोच राहतो, झोके विझणं तेवढं लांबत जातं.

आणि पुढची गाडी काही भिंत नव्हे. हुक तिच्या मागच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे ट्रेलरच्या प्रत्येक हिसक्याने गाडीचं बूड हलतं, गाडी किंचित वळते आणि ट्रेलरला परत ढकलते. एका ठराविक वेगापुढे दर झोक्यात जेवढी ऊर्जा विझते त्याहून जास्त आत येते. हा क्रांतिक वेग. तो ओलांडला की झोका आपणहून वाढत जातो. ही ऊर्जा इंजिनाचीच असते, गाडीच्या पुढच्या चालीतून उसनी घेतलेली.

हा वेग कुठल्याही पाटीवर छापलेला नसतो, कारण तो सामान भरणाऱ्याच्या हातात असतो. बैलगाडीवाल्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे: गाडी उलाळ होणं. वजन आसाच्या मागे गेलं की पुढचा दांडा वर उठू पाहतो. ट्रेलर उलाळ असला की हुक वरच्या दिशेने उचलला जातो, गाडीच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ज्या टायरांनी बूड धरून ठेवायचं त्यांचीच पकड सुटते. शिवाय ट्रेलरची शेपटी एकीकडे गेली की तोंड गाडीला उलट दिशेला रेटतं.

टोकांना वजन ठेवण्यात आणखी एक चूक आहे. आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवलेली वस्तू दोन मीटरवर नेली, तर तिचं फिरण्याला विरोध करणारं जडत्व चौपट नाही, सोळापट होतं, अंतराचा वर्ग. एका काठीला मधोमध दोन भरलेल्या बाटल्या बांधा आणि काठी मनगटाने इकडे-तिकडे फिरवा. मग बाटल्या टोकांना सरकवून फिरवा. मनगट लगेच सांगेल. असा ट्रेलर डोलायला वेळ घेतो, पण एकदा डोलू लागला की आवरत नाही. म्हणून जड वस्तू आसावर, किंचित पुढे, तळाला.

हुकावर किती वजन यावं? उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात, युरोपात त्याहून बरंच कमी, कारण तिथल्या गाड्यांच्या हुकांची मर्यादाच कमी असते. शेवटचा शब्द गाडीवर आणि हुकावर लिहिलेल्या आकड्याचा. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट उभा करून त्याचं तोंड काट्यावर टेकवायचं, काट्याच्या मर्यादेत असेल तर. हावरेपणाही नको: गाडीच्या मागच्या आसामागे १.२ मीटरवर, म्हणजे हुकावर, १०० किलो ठेवले आणि गाडीच्या दोन आसांत २.६ मीटर अंतर असलं, तर पुढच्या चाकांवरचा भार सुमारे ४६ किलोंनी घटतो. स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट झाडांचे शेंडे उजळतात.

आता डोलायला लागलाच, तर? उलट स्टिअरिंग फिरवू नये. एक झोका एक-दोन सेकंदांचा. दिसून, उमगून, हात हलून गाडीने ते ऐकेपर्यंत सेकंद जातो. उजवीकडे दिसलेल्या ट्रेलरसाठीचा इलाज पोचतो तेव्हा ट्रेलर डावीकडे असतो, आणि आपण झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का देतो. गाडीचा ब्रेकही करकचून दाबू नये. ट्रेलर मागून रेटतो आणि दोघं घडीच्या चाकूसारखी मिटू शकतात. पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलरला वेगळा विजेवरचा ब्रेक असेल तर फक्त तो हलकेच लावायचा. तेच ते अर्धं सत्य: ताण दिला की ट्रेलर सरळ होतो, पण तो ताण मागून द्यायचा. पुढून ओढलं की वेग वाढतो, आणि वेग वाढला की काय होतं ते वर आलंच.

डोलणं रोखणाऱ्या दांड्या, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चांगल्याच आहेत, पण "बसवा आणि निर्धास्त व्हा" असं विकणाऱ्यांवर माझा राग आहे. यंत्रणा चुकीचा भरलेला ट्रेलर दुरुस्त करत नाही, क्रांतिक वेग थोडा पुढे ढकलते. अपघात झाला की "नशीब" म्हणणारेही असतातच. आमचं नशीब त्या दिवशी मागच्या फळीला टेकून उभं होतं, आणि त्याच्यात कपडे धुतले जायचे.

पुढे थांबून आम्ही ते मशीन चाकांच्या वर ओढून घेतलं. त्यानंतर आरसे रिकामे राहिले. मुक्कामी मात्र मित्र ट्रेलर रिव्हर्स घ्यायला वीस मिनिटं झगडत होता. ओढताना जो लंबक असतो तो ढकलताना तळहातावर उभी धरलेली काठी होतो, कुठल्याही वेगाला अस्थिरच. त्यावर एक छान युक्ती आहे: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा. मी ती सांगेपर्यंत त्याने ट्रेलर सोडवून हातानेच आत ढकलला होता.