स्किझोफ्रेनियात बोलून उपचार: सगळ्यांना की काहींनाच?

नागपुरातले छिंदवाडा रोडचे मनोरुग्णालय 1864 चे. ऑटोवाल्याला आजही ‘पागलखाना चौक’ एवढे सांगितले तरी पुरते. त्या काळाबद्दल इथे एवढेच. विषय आहे तो स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास होणाऱ्या आणि खोटे संशय पक्के होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचा, आणि त्यावर बोलून करायच्या उपचाराचा.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यालाच आपली बोलून उपचार करण्याची पद्धत या आजाराच्या रुग्णांच्या कामाची वाटत नव्हती. 1952 मध्ये क्लोरप्रोमाझिन हे या आजारावरचे औषध आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका डॉक्टरने रुग्णाचा जुना, पक्का संशय बोलण्यातून सैल केल्याची नोंद छापली. गोळी जगभर पोचली, नोंद मागे पडली. 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात नुसते बोलणे गोळीपुढे टिकले नाही, आणि विषय जवळजवळ मिटला.

1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये तो पुन्हा निघाला, तो गोळ्या घेऊनही ज्यांचे भास थांबत नव्हते त्यांच्यासाठी. ही बोलण्याची थेरपी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (सीबीटी), समजूत घालणे नव्हे. पंख्यातून शेजारी शिव्या देतो असे रुग्ण म्हणाला, तर थेरपिस्ट ते खोडत नाही आणि होला होही करत नाही. खात्री शंभरातली किती? पंखा बंद केल्यावरही आवाज येतो का? आला तरी त्याचे ऐकलेच पाहिजे का? आठवडे असेच जातात.

खरे भांडण झाले ते ‘सगळ्यांना’ या शब्दावर. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांनी 2009 मध्ये ही थेरपी स्किझोफ्रेनियाच्या प्रत्येक रुग्णाला देऊ करावी असे ठरवले आणि 2014 च्या आवृत्तीत ते कायम ठेवले: किमान 16 बैठका, शिवाय घरच्यांसोबत किमान 10. शेजारच्या स्कॉटलंडने 2013 मध्ये जवळपास तेच पुरावे चाळून ती गोळ्यांनी पुरेसा गुण न आलेल्यांपुरती ठेवली. त्यात 2014 मध्ये अनेक चाचण्यांच्या एका एकत्रित विश्लेषणात थेरपीचा परिणाम लहान निघाला. थेरपी कुणाला मिळाली हे तपासणाऱ्याला माहीत नसेल, तर आणखीच लहान. समर्थकांचे म्हणणे असे, की आवाज बंद करणे हा हेतूच नाही, त्याचा जाच कमी व्हावा. मुद्दा रास्त आहे, पण मग ‘सगळ्यांना’ कशाला? स्कॉटलंडचे गणित जास्त प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे हा वाद तसा चैनीचाच. गडचिरोलीहून एसटीने येऊन महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्याला दर आठवड्याची बैठक कशी जमणार? त्यामुळे सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेली चाचणी विदर्भाला जास्त जवळची. तिचे निष्कर्ष 2014 चेच. 282 रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरी येणारे कार्यकर्ते मिळाले. ते डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. ती रुग्णाशी बोलत, घरच्यांना आजार समजावत, कामाला लागायला मदत करत. वर्षभरात त्या गटाची लक्षणे आणि अक्षमता थोडी जास्त घटली. लोकांकडून होणाऱ्या भेदभावात मात्र फरक दिसला नाही.