हुतात्मा जवानाची युद्धपदके (खान्देश)

रणांगणावर कामी आलेल्या तरुण सैनिकाची, त्याच्या पश्चात वारसांकडे आलेली पदके. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे घरात त्यांना ‘मेडल’च म्हणतात. मरणोत्तर वीर चक्र मिळाले तर सारा तालुका ओळखतो. बहुतेकांच्या वाट्याला मात्र सेवापदके येतात, म्हणजे तो त्या मोहिमेत होता याची सरकारी नोंद. त्यांची दखल फारशी घेतली जात नाही, आणि ही मोठी उणीव आहे.

१९७१ च्या युद्धासाठी ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ व ‘संग्राम मेडल’ दिले गेले. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार व ऑपरेशन विजय मेडल. अनेक पदकांना ठरावीक दिवसांची सेवा लागते, पण लढताना मरण आले तर ती अट उरत नाही.

विशीत गेलेल्या जवानाची पदकपट्टी आखूड असते. ९, २० व ३० वर्षांच्या सेवेची पदके तिच्यावर येऊच शकत नाहीत. डिसेंबर १९७१ मध्ये पडलेल्याकडे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदकही नसते. ते १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना मिळाले. त्याच्याबरोबर भरती होऊन परतलेल्या मित्राच्या छातीवर ते दिसते.

पदक पाहताना कड जरूर फिरवून पाहावी. तिथे बारीक अक्षरांत सेवाक्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील सहज निघतात. सेवाक्रमांक एकाचाच असतो.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्य स्मृतितबकडीही येई. तिच्यावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती), सिंह आणि मृताचे नाव असे. हुद्दा मुद्दाम गाळलेला, शिपाई असो वा साहेब. त्या युद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल बहुतांशी चांदीचे होते, त्यामुळे अडचणीच्या काळात अशी कित्येक पदके सोनाराच्या मुशीत गेली.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात वीरमाता, वीरपत्नी ही पदके छातीच्या उजव्या बाजूला लावू शकतात. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरताना फोटोबरोबर पदकेही पुसायला काढली, तर कोरड्या मऊ कापडाने पुसावीत. चिंच किंवा राखेने घासल्यास कडेवरची अक्षरे झिजतात. फीतही धुऊ नये, उन्हात टांगू नये.