पट्टी किती घट्ट बांधायची? बडोद्याचे हाडवैद्य, प्लॅस्टर आणि बाळांचे वाकडे पाय

बडोद्यातल्या मराठी घरात कुणी जिन्यावरून पडून मनगट धरून बसलं, की अजूनही दोन सल्ले एकदम येतात. एक जण म्हणतो, आधी हाडवैद्याला दाखवा. दुसरा म्हणतो, सरळ सयाजी हॉस्पिटलात चला. या दोन्ही सल्ल्यांना याच शहरात जुनी मुळं आहेत.

हॉस्पिटलची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १८८६ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि काउंटेस ऑफ डफरिन या नावाने ते सुरू झालं. पुढे त्याला सयाजीरावांचं नाव मिळालं आणि १९४९ मध्ये मेडिकल कॉलेज निघालं. हाडवैद्यकीची गोष्ट आखाड्यातून येते. कुस्ती, मल्लखांब, मुद्गलांची जोडी फिरवणं चालतं तिथे खांदे निखळतात, बोटं मोडतात. साहजिकच वस्तादालाच हाड बसवणं शिकावं लागतं. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) व्यायामाच्या कवायतींसाठी देशभर ओळखले गेले, तसेच हाडं बसवण्यासाठीही. त्यांच्यासारख्यांच्या हाताला जो गुण होता तो अनुभवातून आलेला होता. त्याला थोतांड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण त्या हाताला एक मर्यादा होतीच. आत काय मोडलंय ते त्याला दिसत नव्हतं.

ही विद्या किती जुनी आहे ते सुश्रुतसंहितेतल्या भग्नचिकित्सेवरून कळतं. मोडलेलं हाड ताणायचं, दाबायचं, जागेवर आणायचं आणि मग बांधायचं, हा क्रम तिथे स्पष्ट आहे. पट्टीच्या आधारासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या सांगितल्या आहेत. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडायची, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, मधल्या ऋतूत पाच. लहान वयात सांधा महिन्याभरात बळकट होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट, हेही त्यात आहे. तळहात मोडला असेल तर बरा होताना रुग्णाने आधी शेणाचा गोळा मुठीत धरायचा, मग मातीचा, हातात ताकद आली की दगड. आजचा फिजिओथेरपिस्ट मऊ चेंडूपासून सुरुवात करतो, त्यामागे हाच विचार आहे.

त्याच अध्यायातला एक इशारा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही; फार घट्ट बांधली तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते.

या इशाऱ्याचं दुसरं टोक १८८१ मध्ये सापडतं. रिशार्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जनने हात मोडल्यानंतर बोटं पंज्यासारखी आत वळून कायमची आखडलेले रुग्ण नोंदवले आणि घट्ट पट्टीने स्नायूंचा रक्तपुरवठा तुटल्याचं कारण दिलं. कोपराच्या वरचं हाड मोडलेल्या मुलांना हा धोका विशेष असतो. आत सूज वाढत जाते, बाहेरची पट्टी किंवा प्लॅस्टर जागा देत नाही आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. म्हणून पट्टी कुणीही बांधलेली असो, त्या रात्री मुलाची बोटं बघत राहायची. नख दाबून सोडल्यावर लाली लगेच परत यायला हवी. बोटं हळूच सरळ करताना मूल किंचाळलं, बोटं गार किंवा निळसर वाटली, मुंग्या येतात म्हणालं, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच हॉस्पिटलात जाऊन पट्टी किंवा प्लॅस्टर मोकळं करून घ्यायचं. आंबेहळदीचा लेप किती गुणाचा यावर वाद घालायला नंतर भरपूर वेळ आहे.

प्लॅस्टरही मुळात बांधण्याचंच नवं साधन. अँटोनियस माथाइसेन या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये कापडी पट्टीत कोरडं प्लॅस्टर ऑफ पॅरिस घोळून, ती भिजवून गुंडाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काही मिनिटांत कडक होणारी ती पट्टी रणांगणावर फार उपयोगी ठरली. क्ष-किरण आले ते त्यानंतर, १८९५ च्या नोव्हेंबरात, व्हिल्हेल्म रॉन्टगेन यांच्या प्रयोगशाळेत. पहिल्या प्रसिद्ध चित्रांत त्यांच्या पत्नीच्या हाताची हाडं आणि बोटातली अंगठी दिसते. तिथून हाताला डोळे मिळाले. मुरगळलं की मोडलं, तुकडे किती, सांध्यात फट गेली का, हे चाचपून सांगण्याची गरज उरली नाही.

हाडवैद्य आणि डॉक्टर हे दोन वेगळे वंश आहेत असं आपल्याला वाटतं, पण इंग्लंडात ते एकाच घरात होते. वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले इव्हान थॉमस लिव्हरपूलला हाडं बसवायचे. त्यांनी पाचही मुलांना डॉक्टर केलं. त्यांतल्या ह्यू ओवेन थॉमस यांनी मांडीच्या हाडासाठी जी कांब बनवली तिला आज थॉमस स्प्लिंट म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला गोळीने मांडी मोडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के दगावत. थॉमस यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने ही कांब आघाडीवर पोचली आणि हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आलं, असं सांगितलं जातं. आपल्याकडे आखाडा आणि मेडिकल कॉलेज यांच्यात असा पूल झाला असता तर बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

जन्मजात व्यंगांत हाताची ही कला अनपेक्षितपणे परत आली. साधारण हजारात एका बाळाचं पाऊल आत वळलेलं असतं. घरात लगेच कुजबुज सुरू होते की हिने ग्रहणात काही चिरलं असेल. आईचा यात काडीचाही दोष नसतो. विसाव्या शतकात अशा पावलांवर मोठ्या शस्त्रक्रिया होत. त्यातली बरीच पावलं मोठेपणी कडक आणि दुखरी झाली. अमेरिकेतल्या आयोवात काम करणारे स्पॅनिश डॉक्टर इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) यांनी वेगळी वाट धरली. आईच्या मांडीवर दूध पिणाऱ्या बाळाचं पाऊल ते घोट्याजवळच्या एका हाडावर अंगठा टेकवून, हलक्या हाताने बाहेर वळवत आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालत. दर आठवड्याला ते बदलायचं, थोडं आणखी वळवायचं. पाच-सहा प्लॅस्टरनंतर बहुतेक बाळांची टाचेमागची कंडरा (स्नायूला टाचेशी जोडणारी दोरी) छोट्याशा छेदाने मोकळी करावी लागते आणि शेवटचं प्लॅस्टर तीन आठवडे राहतं. ही पद्धत १९६३ मध्ये छापून आली, पण जगाने ती उचलली नव्वदच्या दशकानंतर. लहान बाळांच्या आखडलेल्या पावलांवर आणि मऊ हाडांवर दांडगाई न करता नुसता धीर धरणं, हे सर्जनांनाही पुन्हा शिकावं लागलं.

खुब्याच्या सांध्याचं उलटं आहे. तो नीट बसलेला नसेल तर वरवर काही दिसतच नाही. इटालियन बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांनी १९३० च्या दशकात बाळाच्या मांड्या फाकवताना हाताला लागणारा खटका दाखवून दिला. नवजात बाळाला आजही तसंच तपासतात. इथेही बांधण्याचाच प्रश्न येतो. पाय सरळ ताणून बाळाला दुपट्यात आवळून गुंडाळलं तर खुबा निखळण्याचा धोका वाढतो. पाय फाकवून कडेवर घेणं मात्र खुब्याला मानवतं. आणि ज्या बाळाचं हाड मालिश करताना किंवा लंगोट बदलताना मोडतं, त्याला दृष्ट लागलेली नसते. कोलॅजन बनवणाऱ्या जनुकातल्या दोषाने हाडं ठिसूळ असू शकतात. अशा मुलांची मालिश आणि पाय ओढणं तत्काळ थांबवायचं. १९९० च्या दशकात बिस्फॉस्फोनेट गटातली, हाडांची झीज कमी करणारी औषधं अशा मुलांना दिली जाऊ लागली आणि काही मुलांची हाडं पूर्वीपेक्षा कमी मोडू लागली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा वाकडं पाऊल आणि खुब्याचा दोष ही दोन्ही व्यंगं त्याच्या तपासणीच्या यादीत आली. त्यामुळे सरकारी प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की पावलं बघून घ्या असं सांगायला कुणी संकोच करू नये. पाय सरळ झाल्यावर खरी कसोटी घरच्यांची लागते. दोन बूट पट्टीने जोडलेलं ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचं असतं. मूल रडलं म्हणून आजीने मायेने बूट काढून ठेवले, की पाऊल पुन्हा आत वळायला लागतं आणि प्लॅस्टर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून डॉक्टरकडे जाताना आजीलाही सोबत न्यावं आणि ते बूट कसे बसवायचे हे तिच्याच हातून एकदा करून घ्यावं.