परदेशातली डॉक्टरकी : तापीकाठाने गेलेला एक धागा

धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप संपत आली की हॉस्टेलच्या गच्चीवर कधीतरी विषय निघतोच: आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यात काही महिने सेवा करून यायची का? घरचा पहिला प्रश्न ठरलेला, पगार किती? ही ओढ आजची नाही. तिचा एक धागा तर आपल्या तापीच्या काठाने जातो.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरला भरलं. सजावट नंदलाल बोस यांची, तीही खेड्यात मिळेल त्या सामानाची. अध्यक्ष नेहरूंनी भाषणात थेट स्पेन आणि ॲबिसिनियाचा (आजचा इथिओपिया) विषय काढला. (आमच्या कापसाच्या भावाचं काय, असं मागे बसलेल्या एखाद्या आप्पाच्या मनात आलंच असेल.) फेब्रुवारी १९३८ चं अधिवेशन त्याच तापीच्या खालच्या अंगाला, सुरतेकडच्या हरिपुऱ्यात झालं. अध्यक्ष सुभाषबाबू. जपानने चीनवर हल्ला केला होता, आणि चिनी कम्युनिस्ट फौजेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली होती. सुभाषबाबूंनी वर्गणीचं आवाहन केलं आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी.

नागपूरचे चोळकर वयाने मोठे, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस २७ वर्षांचे. कोटणीस सोडून बाकी चौघे परतले. कोटणीस चीनमधल्या, नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले. मुलगा तेव्हा तान्हा होता.

ही गोष्ट सांगताना आपण त्यागापाशी थांबतो. मला मात्र कोटणीस चिनी शिकले, हे जास्त मोलाचं वाटतं. ‘डोकं गरगर फिरस’ हे अहिराणी धुळ्याच्या पोराला कळतं, पण सातपुड्यातल्या धडगावच्या ओपीडीत पावरी ही पावरा आदिवासींची बोली बोलणारी आजी समोर बसली की आशाताईशिवाय पान हलत नाही. डॉक्टर पाच मिनिटं पोटावर हात ठेवून खुणा करतो, ताई एका वाक्यात विचारते आणि सांगते, ‘सर, तीन दिवसांपासून लघवीला जळजळ आहे.’ आपल्याच सातपुड्यात ही गत!

उलटी वाटही विसरू नये. कोटणीस गेले त्याच १९४२ साली नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं. तिथं आलेल्या परदेशी मिशनऱ्यांच्या लेखी खान्देश हाच परमुलुख होता.

परदेशातल्या या सेवेचं आजचं रूप पुष्कळसं नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धातून आलं. तिथलं काम पाहिलेल्या फ्रेंच डॉक्टरांनी पत्रकारांना सोबत घेऊन १९७१ मध्ये ‘मेदसँ साँ फ्रॉन्तिए’ (सीमा न मानणारे डॉक्टर, एमएसएफ) ही संस्था काढली. तिला १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालं. तिथं पहिली नेमणूक सहसा नऊ ते बारा महिन्यांची. सर्जन आणि भूलतज्ज्ञांना मात्र काही आठवड्यांसाठीही बोलावतात. मानधन मिळतं, म्हणजे घरच्या प्रश्नाला थोडं तरी उत्तर आहे. पण कोऱ्या एमबीबीएसला घेत नाहीत, हाताखालून पेशंट गेलेले लागतात. म्हणून बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष धडगाव-अक्कलकुव्याला मिळालं की तोंड वाकडं करणाऱ्यांनी जरा थांबावं. भिल्ल-पावरा पाड्यांवर दिसणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आफ्रिकेच्या बऱ्याच भागांतही आढळतो, आणि रात्री दोनला हातपाय धरून कळवळणारं पोर इथं एकदा पाहिलं असलं की तिथं ते ओळखायला वेळ लागत नाही.