हात वर जात नाही म्हणजे खांदा जखडलाच?

‘हात डोक्यावर गेला नाही की समजा, फ्रोझन शोल्डर’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण अर्धाच. हात स्वतः उचलताना सांध्याबरोबर दुखणं आणि स्नायूंची ताकदही आड येते. शिवाय कंबर मागे झुकवली की हात उगाच जास्त वर गेलेला दिसतो!

म्हणून उताणं झोपा. कोपर अंगालगत, काटकोनात. आता घरातल्या कुणाला तरी तुमचा सैल सोडलेला हात, कोपर तिथेच ठेवून, हळूच बाहेर वळवू द्या. जोर नको, आणि पडल्या-झडल्यानंतर तर हे करूच नका. दुसऱ्या हातापेक्षा बराच आधी अडला, तर जखडण्याची शंका रास्त. सहज वळला, पण स्वतःहून उचलवत नाही? मग कंडरेची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची, इजाही असू शकते. फिजिओथेरपिस्ट हा कोन गोनिओमीटरने मोजतात. त्यातही ५-१० अंशांचा फरक निव्वळ मोजणीतला असू शकतो.